चालतंय तर हात कशाला लावायचा?

मागच्या अंकात लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलबद्दल, म्हणजे यंत्र आणि तुमचे प्रोग्राम यांच्या मधे बसून मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळ्यांना वाटून देणाऱ्या गाभ्याबद्दल, थोडं लिहिलं होतं आणि जाता जाता ‘अपडेट टाळू नका’ असं म्हटलं होतं. त्यावर खानदेशातून बरीच पत्रं आली. निम्मी भांडणाची आहेत, म्हणजे लोक वाचतात. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गावं छापते. पत्रांत येणारी उबुंटू आणि डेबियन ही याच कर्नलवर बांधलेल्या तयार प्रणालींची नावं.

प्रश्न : ताई, आमच्या डाळमिलच्या ऑफिसात उबुंटू २२.०४ आहे. बिलं निघतात, जीएसटी भरला जातो, कसली कटकट नाही. पण दर काही आठवड्यांनी कर्नलचा अपडेट येतो आणि ‘रीस्टार्ट करा’ म्हणतो. शेठ विचारतात, चालतंय तर हात कशाला लावायचा? मला उत्तर देता येत नाही. (हिशेबनीस, जळगाव)

शेठना वेड्यात काढू नका. सीझनमध्ये मोटार बंद पडली की ज्याच्या दारात ट्रक उभे राहतात, तो माणूस चालत्या यंत्राला हात लावायला कचरणारच. फक्त त्यांना एक गोष्ट सांगा.

मॅक्स केलरमान नावाचा प्रोग्रामर वेब होस्टिंगच्या एका कंपनीत काम करतो. २०२१ मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली की लॉगची (नोंदींची) फाइल उघडत नाही, तिचा शेवट बिघडलाय. फाइल दुरुस्त केली, विषय संपला. काही महिन्यांनी पुन्हा तशीच फाइल. मग पुन्हा. सर्व्हर छान चालू होते, डिस्क धड होती. खणत खणत तो कर्नलपर्यंत पोचला. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.८ आवृत्तीपासून तिथे एक चूक होती. ज्या वापरकर्त्याला एखादी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तो त्या फाइलमधला मजकूर बदलू शकत होता. पासवर्डच्या फाइलसकट. तिचं नाव पडलं ‘डर्टी पाइप’. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांत तिची दुरुस्ती आली, आणि मग मार्चमध्ये केलरमानने सगळी हकीकत जाहीर केली. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष फट उघडी होती, आणि तेवढा सगळा काळ सगळीकडे सगळं ‘चालत’ होतं. तुमच्या ऑफिसात बिलं करणारा पोरगा आणि मालकाचा हिशेब एकाच यंत्रावर असतील, तर शेठना हे लगेच कळेल.

आता अपडेट येतो कुठून ते. मूळ कर्नल लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच्याकडे. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घ्यायचे, मग दार बंद. त्यानंतर दर रविवारी एक चाचणी आवृत्ती, ‘आरसी’. सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर पक्की. या दोन महिन्यांत दहा हजारांहून जास्त बदल होतात. हा लोंढा तुमच्या मिलपर्यंत थेट येत नाही आणि येऊही नये.

तुमच्याकडे येतं ते ‘स्टेबल’ शाखांमधून, म्हणजे निघालेल्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या घालत सांभाळलेल्या प्रतींमधून, गाळलेलं. २००५ मध्ये २.६.११.१ पासून ही प्रथा सुरू झाली. आज ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन ती सांभाळतात. तिथले नियम मला फार आवडतात, कारण ते ‘काय घ्यायचं नाही’ याचे नियम आहेत. बदल आधी लिनसच्या शाखेत गेलेला असला पाहिजे. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत बसला पाहिजे. खरी, कुणाला तरी सतावणारी चूक दुरुस्त करणारा पाहिजे. ‘असं होऊ शकेल बहुधा’ चालत नाही. नवी सोय, नवी शोभा, काही नाही. फार तर एखाद्या नव्या उपकरणाचा ओळखक्रमांक. या शाखांतून उबुंटूची मंडळी दुरुस्त्या उचलतात, तपासतात आणि मग तुमच्या पडद्यावर ती चौकट येते.

शेठ पुढे म्हणतील, मग फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या द्या, बाकीच्या नको. हे सगळेच म्हणतात. अडचण अशी की कर्नलमधली कुठली चूक उद्या कुणाच्या हाती हत्यार होईल, हे दुरुस्त करणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सुरक्षाचुकांना ‘सीव्हीई’, म्हणजे जगभर चूक ओळखायचा, क्रमांक देतात, आणि हात सैल सोडून देतात. त्यामुळे ऑडिटवाल्यांच्या याद्या फुगल्या आणि ते वैतागले. मला विचाराल तर बरोबर झालं. यादी छोटी ठेवल्याने चुका कमी होत नाहीत.

करायचं एवढंच : शनिवारी संध्याकाळी काम आटोपलं की डेटाची प्रत काढा, अपडेट घ्या, रीस्टार्ट करा, एक बिल छापून बघा. आधीचा कर्नल यंत्रात राहतोच, तो काढून टाकू नका. उबुंटू २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत नेहमीचे अपडेट आहेत. पुढचं शेठशी आत्तापासून बोलून ठेवा.

प्रश्न : तुम्ही अपडेटची बाजू घेता. पण डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या कर्नल अपडेटमुळेच लोकांचा डेटा बिघडणार होता, हे खरं की नाही? (प्रयोगशाळा सहायक, चाळीसगाव)

खरं आहे. आणि ते नीट सांगण्यासारखं आहे, म्हणून तुमचं पत्र मुद्दाम घेतलं.

६.१ ही शाखा दीर्घ काळ सांभाळायची म्हणून ठरलेली. तिच्या ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीची) एक दुरुस्ती आली. दुरुस्ती स्वतः बरोबर होती. पण नव्या शाखेत ती आधीच्या दुसऱ्या एका बदलावर उभी होती, आणि तो बदल ६.१ मध्ये आलेलाच नव्हता. वरचा मजला आणला, खालचा राहिला. परिणाम असा की काही विशिष्ट पद्धतीने फाइलमध्ये लिहिताना पुढची जागा चुकायची आणि मजकुरावर मजकूर पडायचा. नेमका हाच कर्नल डेबियन १२.३ मध्ये जाणार होता. ९ डिसेंबरला त्यांनी त्या आवृत्तीच्या सीडी-डीव्हीडीच्या प्रती थांबवल्या, ६.१.६६ घेतला, आणि दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, थेट १२.४ काढली.

जुन्या शाखेची देखभाल म्हटली की लोकांना ते कंटाळवाणं, उरलंसुरलं काम वाटतं. माझ्या मते नवं लिहिण्याहून ते अवघड. नवं लिहिणाऱ्याला आजचा कर्नल माहीत असला की पुरतं. जुन्या शाखेत दुरुस्ती नेणाऱ्याला आजचा आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचा असे दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात, आणि एकाच वेळी अशा अनेक शाखा चालू असतात. २०२३ मध्ये त्यांनी दीर्घ मुदतीच्या शाखांचा काळ सहा वर्षांवरून मूळ दोन वर्षांवर आणायचं ठरवलं, त्यामागे हेच ओझं होतं. सहा वर्षांच्या जुन्या शाखा वापरणारे थोडे, राबणारे त्याहून थोडे.

तुमच्या प्रयोगशाळेसाठी सांगते. सगळी यंत्रं एकाच दिवशी अपडेट करू नका. कोपऱ्यातलं एक करा, दोन-तीन दिवस मुलांना त्यावर बसवा, मग बाकीची. ज्यांनी डिसेंबरात एवढं केलं त्यांना १२.४ आयती मिळाली.

प्रश्न : वाचनालयात डेबियन १२ आहे. ‘यूनेम -आर’ लिहिलं की ६.१.०-१३ असं काहीतरी दिसतं. ६.१.० म्हणजे डिसेंबर २०२२ चा कर्नल ना? म्हणजे आम्ही जुनाच वापरतोय? (ग्रंथपाल, चोपडा)

नाही. डेबियन नावात ते ६.१.० तसंच ठेवतं आणि मागचा आकडा वाढवत जातं. खरी आवृत्ती ‘यूनेम -व्ही’ लिहिलं की दिसते (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं). ६.१.०-१३ च्या आत ६.१.५५ आहे, १४ च्या आत तो वर सांगितलेला ६.१.६४, १५ मध्ये ६.१.६६. तुमच्याकडे खरंच १३ असेल, तर मात्र वाचनालय २०२३ पासून अपडेट झालेलं नाही. तेवढं आज करा.

आकड्यांचं मनावर घेऊ नका. २.६.३९ नंतर ३.० आला, ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.०. यातल्या कुठल्याच उडीला तांत्रिक कारण नाही. हाता-पायांची बोटं मोजून संपली की लिनस पहिला आकडा वाढवतो, असं तो स्वतःच सांगतो.

प्रश्न : ‘बूट’मध्ये जागा नाही, अपडेट होत नाही. शाळेचं यंत्र आहे. (शिक्षक, नंदुरबार)

कर्नल ज्या ‘बूट’ कप्प्यात राहतात तिथे जुने साचलेत. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवा. हाताने फाइली उडवू नका, ॲप्टचा, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाचा, हिशेब चुकतो. चालू असलेला आणि त्याच्या आधीचा, एवढे दोन राहू द्या.

प्रश्न : केळी भरायच्या जागी काट्याशेजारी लॅपटॉप ठेवलाय. कर्नल अपडेट झाला आणि वाय-फायचा यूएसबी तुकडा मेला. गाडी भरायची, भाव व्हॉट्सॲपवर येतो, आणि नेट नाही. दुकानदाराने तेव्हा नेटवरून ड्रायव्हर (तो तुकडा चालवणारा प्रोग्राम) टाकून दिला होता. आता काय करू? (केळी व्यापारी, सावदा)

आधी गाडी भरा. यंत्र सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवलं किंवा एस्केप दाबलं की ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल सुरू करायचा ते विचारणारा, मेनू येतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये आधीचा कर्नल निवडा. वाय-फाय परत येईल. यासाठीच मी जुना कर्नल ठेवा म्हणते.

आता कारण. कर्नलवाल्यांची दोन वचनं आहेत आणि ती उलटसुलट वाटतात. तुम्ही वापरता ते प्रोग्राम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नयेत, हा लिनसचा सगळ्यात कडक नियम. तो मोडणाऱ्यांना त्याने जाहीरपणे झापलेलं आहे. पण कर्नलच्या आत, ड्रायव्हर ज्या जागी जोडले जातात तिथे, काहीही कधीही बदलेल. तिथे वचन मुद्दामच नाही. कर्नलमध्ये सामील झालेला ड्रायव्हर असेल, तर आतलं बदलणारा माणूसच त्या ड्रायव्हरलाही सोबत दुरुस्त करतो. तुमच्या दुकानदाराने नेटवरून उचललेला ड्रायव्हर बाहेरचा. त्याच्याकडे बघायला कुणी नाही.

तात्पुरता उपाय ‘डीकेएमएस’. तो असला की दर नव्या कर्नलबरोबर बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला (मूळ कोडपासून तयार केला) जातो, बांधता आला तर. कायमचा उपाय म्हणजे कर्नलमध्येच ड्रायव्हर आहे असं उपकरण. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू यांसारख्या चिपांचे यूएसबी ड्रायव्हर ६.२ पासून आत आले आहेत. तुमच्या तुकड्यात त्यातली चिप निघाली, तर बाहेरचा ड्रायव्हर काढून टाका आणि ६.२ च्या पुढचा कर्नल घ्या. बाहेरचा आणि आतला दोन्ही ठेवलेत तर ते एकमेकांशी भांडतात. दुसरी एखादी निघाली तर नवा तुकडा घ्या. केळीच्या एका घडाच्या आसपास पैशांत येतो आणि तुमचे फेरे वाचतात.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कर्नलला पॅच पाठवला. ड्रायव्हरमधल्या ओळींमधली मोकळी जागा नीट केली होती. पहिल्यांदा उत्तर आलं, ‘एचटीएमएल मेल नको’. दुसऱ्यांदा आलं, ‘हा बदल घेणार नाही’. तिसऱ्यांदा पाठवला तर उत्तरच नाही. आते काय करू? (विद्यार्थी, धुळे)

तुझ्या ‘आते’वरून तू धुळ्याचा हे सांगायची गरज नव्हती.

पहिलं उत्तर रास्त आहे. पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींची चिठ्ठी, साध्या मजकुरात जातो. जीमेलच्या पानावरून चिकटवलास की टॅबच्या जागी स्पेस होतात आणि पॅच लागत नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ बसवून घे, एका संध्याकाळचं काम आहे. कुणाला पाठवायचं ते कर्नलमधलीच ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ न समजता टाकू नकोस. एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडवर मालकीचे दावे लावल्यानंतर, २००४ मध्ये, ही पद्धत आली. ‘हे द्यायचा मला हक्क आहे’ अशी ती तुझी सही.

दुसरंही रास्त आहे, जरी तुला लागलं असेल. चालत्या जुन्या ड्रायव्हरमधली मोकळी जागा सारखी करून कुणाचं काही दुरुस्त होत नाही. उलट उद्या तिथे खरी दुरुस्ती जुन्या शाखांत न्यायची झाली, तर ओळी जुळत नाहीत आणि न्यायचं काम वाढतं. वर चाळीसगावकरांचं उत्तर वाच म्हणजे कळेल. असल्या सरावासाठी ‘स्टेजिंग’ नावाचा वेगळा कोपरा ठेवलाय, तिथे जा.

तिसऱ्याबद्दल : किमान आठवडाभर थांबायचं, दोन-तीन आठवडे गेले तरी मनाला लावून घ्यायचं नाही. नवे बदल घेण्याचे ते दोन आठवडे चालू असतील तर सांभाळणारे बुडालेले असतात. पण तोच नाकारलेला पॅच तिसऱ्यांदा पाठवलास, तर गप्प बसणं हेही उत्तरच.

आणि एक सांगू? तुम्हा मुलांना नाव लागायला पॅचच लागतो असं वाटतं. स्टेबलची प्रत्येक आवृत्ती निघण्याआधी ग्रेग तिची चाचणी प्रत सगळ्यांसमोर ठेवतो आणि साधारण ४८ तास देतो. त्यात कुणीतरी ती बांधून, चालवून, ‘माझ्या यंत्रावर ठीक’ किंवा ‘इथे अडलं’ असं कळवायचं असतं. मी हे करते. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्याचा पंखा भुसावळच्या मे महिन्यात विमानासारखा वाजतो, आणि त्यावर कर्नल बांधायला रात्र जाते. मधे वीज गेली तर उजाडतं. मोठ्या कंपन्यांची चाचणीयंत्रं हजारो आहेत, पण ती साधारण एकाच पठडीतली. तुझ्या होस्टेलमधला, कुणीतरी सेकंडहँड घेतलेला, बटणं सैल झालेला लॅपटॉप त्यांच्याकडे नाही.

आवाज बंद झाला, झोपेतून उठत नाही, असं काही सापडलं तर ‘गिट बायसेक्ट’ शिक. चांगला कर्नल कुठला आणि बिघडलेला कुठला एवढं सांगितलं की ते मधला काढून देतं. तू बांधून बघायचं, चांगला की वाईट कळवायचं, पुन्हा मधला. दहा हजार बदलांतून तेरा-चौदा वेळा बांधून नेमका गुन्हेगार हातात येतो. तो क्रमांक देऊन लिहिलंस, तर पत्राला उत्तर आलं नाही असं होणार नाही.

प्रश्न : मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. आमच्याकडे रूळ दुरुस्त करायचे तर ब्लॉक घ्यावा लागतो, गाड्या थांबवून. कर्नलला गाड्या न थांबवता दुरुस्त करता येतं असं नातू म्हणतो. आणि टोरवाल्ड्स गेला तर हे सगळं कोण चालवणार? (वाचक, भुसावळ)

काका, नातू बरोबर सांगतो, पण अर्धंच. २०१५ मध्ये ४.० पासून कर्नलमध्ये ‘लाइव्ह पॅचिंग’ आहे. त्याआधीच्या वर्षी रेड हॅट आणि सुसे या दोन कंपन्यांनी आपापली पद्धत काढली होती; दोन्हींचा समाईक पाया ४.० मध्ये आला. चालू कर्नलमधलं चुकीचं फंक्शन (एखादं काम करणारा कोडचा तुकडा) बाजूला ठेवून हाक नव्याकडे वळवायची. तुमच्या भाषेत, गाडी न थांबवता पॉइंट बदलून ती शेजारच्या धड रुळावर घ्यायची. जुना रूळ तिथेच पडून राहतो. पण मेमरीतल्या माहितीची मांडणीच बदलायची असेल तर हे जमवणं महाकठीण, आणि म्हणून केव्हातरी ब्लॉक घ्यावाच लागतो. बँका, दवाखाने यांना याचा उपयोग. घरच्या यंत्राला रीस्टार्ट करा आणि चहा घ्या.

टोरवाल्ड्सचं म्हणाल तर तालीम झालेली आहे. २०१८ मध्ये तो काही आठवडे बाजूला झाला तेव्हा ४.१९ ही आवृत्ती ग्रेगने काढली, आणि गाडी वेळेवर सुटली. शिवाय प्रत्येक भागाला वेगळा सांभाळणारा आहे; ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलीत कुठलं खातं कुणाकडे ते लिहिलेलं असतं. लिनस स्वतः आता फारसं लिहीत नाही. कुणाकडून काय घ्यायचं एवढं ठरवतो. मला काळजी वरच्या माणसाची नाही. त्या फाइलीत एखाद्या जुन्या ड्रायव्हरपुढे ‘ऑर्फन’ असा शेरा दिसतो, म्हणजे सांभाळणारं कुणी उरलं नाही, तिथे मी थांबते. आपल्याकडच्या सरकारी ऑफिसांतली निम्मी यंत्रं तसल्याच ड्रायव्हरांवर चालत असतील.

पाचोऱ्याहून प्रिंटरबद्दल आणि अमळनेरहून मराठी कळफलकाबद्दल विचारणा आहे. दोन्हींचा कर्नलशी संबंध नाही, पुढच्या अंकात घेते. पाचोऱ्याच्या भाऊंनी तोवर प्रिंटरचं मॉडेल तेवढं कळवावं. ‘काळा, मोठा’ यावरून मला ओळखता येत नाही.